मळ्यातली चूल

रिसोडच्या बाजारात पुंजाजी माळ्याच्या वांग्यांचा भाव कोणी पाडून मागत नसे. टोपलीत एखादं किडकं निघालं तर तो ते आपणच उचलून बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "हे नको नेऊ माय, पोटात अळी हाये याच्या." शेजारी बसणारे माळी त्याला हसत. "असा धंदा करशीन त आंगावर लंगोटीच राह्यन," असं तोंडावर म्हणत. पण ऊन उतरायच्या आत त्याचीच टोपली रिकामी झालेली असायची.

असा हा सरळ माणूस एका गोष्टीपुरता मात्र मान वर करून बोलत नसे. ती गोष्ट म्हणजे मळ्यातली तुळसा.

तुळसाबाई ही त्याची लग्नाची बायको. बरीच वर्षं वाट पाहूनही कूस उजवली नाही, तेव्हा आईच्या हट्टाने पुंजाजीने चंदाबाईशी पाट लावला. चंदाबाई ऐन तरुणपणी विधवा झालेली, कामाला वाघीण. तिला पाठोपाठ दोन मुलगे झाले. घरात दोन बायका आणि एक चूल असली की भांड्याला भांडं लागायचंच. पण इथे तेही लागलं नाही. तुळसा भांडतच नव्हती. भाकरी थापायची, लेकरांना न्हाऊ घालायची, आणि गप्प राहायची. पुढे धाकटा तापाने फणफणला तेव्हा चंदाबाईच्या मनात भलतंच आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "तिची नजर वाईट हाये असं मी नाय म्हणत. पण तिच्या हातची भाकर माह्या लेकरायच्या ताटात नको."

पुंजाजीने तवा, पीठ मळायची काटवट आणि एक वाकळ बैलगाडीत टाकली आणि तुळसाला मळ्यातल्या खोपटात नेऊन सोडलं. "हंगाम होईस्तोर राखणीले राह्य," तो म्हणाला. तिच्यासाठी चूलही त्यानेच मांडली. ती वाकडी झाली. दुसऱ्या दिवशी तो मळ्यात गेला तेव्हा चूल मोडून नव्याने घातलेली होती.

तो हंगाम गेला, पुढचेही गेले. थोरल्या पोराला मिसरूड फुटली. वाफ्यांना पाणी तुळसा देई, मेथीच्या जुड्या तुळसा बांधी, आणि त्या बाजारात विकल्या जात पुंजाजीच्या नावाने. तो रोज सकाळी मोट हाकायला मळ्यात येई, खोपटात शिरून कोपऱ्यातला मोटेचा नाडा उचली, आणि तिच्याकडे न बघता म्हणे, "बरं हाये नं?" ती म्हणे, "हाये." एवढाच त्यांचा संसार उरला होता.

एकोणीसशे एकतीस साल उजाडलं आणि गावात खानेसुमारीची धामधूम सुरू झाली. दारांवर गेरूने नंबर पडू लागले. सरकार माणसं कशाला मोजतं याचे तर्क पारावर रोज नवे निघत. चंदाबाईचा भाऊ रिसोडला राहायचा, तो येऊन सांगून गेला, "ज्याची चूल येगळी, त्याचा नंबर येगळा. आन् ज्याचा नंबर येगळा, त्याचा उद्या वाटाही येगळा. सांभाळून लिवजा." वाट्याच्या गोष्टीत तथ्य काहीच नव्हतं, पण चंदाबाईला धडकी भरली.

"अवो, आयकता का?" ती म्हणाली. "गणतीचे गुरुजी आले का सांगजा, मळ्यात कामाची बाई हाये म्हून. आपल्यातली नाय म्हणा."

"असं कसं म्हणू?"

"तोंडानं म्हणा, आनखी कशानं म्हन्ता? पोरायच्या पोटावर पाय आला त मग मले नका सांगू."

पुंजाजी बैलांना वैरण घालायला उठला. घरात बायकोशी वाद घालायची वेळ आली की त्याला बैलांची भूक आठवायची.

गणतीचं काम शाळेवर नुकतेच बदलून आलेले शालिग्राम गुरुजी करत होते. गाव त्यांना अजून कळलेलं नव्हतं. गेरूचं गाडगं घेऊन रूपला कोतवाल त्यांच्या बरोबर हिंडे. दोघं दारात येताच पुंजाजीने घोंगडी टाकली. नावं, वयं, धंदा असं एकेक झालं.

"या चुलीवर आणखी कोण जेवतं?" गुरुजींनी विचारलं.

"बस एवढेच."

"आणि मळ्यात? मळा आहे ना तुमचा?"

दाराआड चंदाबाईच्या बांगड्या वाजल्या. पुंजाजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "मळ्यात एक बाई राह्यते. कामाले हाये. तिले कोनी नाय."

रूपलाने गाडग्यात काडी घालून गेरू उगाचच ढवळला.

शब्द तोंडातून गेले आणि पुंजाजीला वाटलं, झालं, सुटलो. गणती गावातल्या घरांचीच असते अशी त्याची समजूत होती. पण गुरुजी उठले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "चला मग मळ्यात. जिथे चूल, तिथे नंबर. खोपट असलं तरी."

"तिथं कायले येता गुरुजी? पाय भरतीन चिखलानं."

"भरू द्या. सरकार धुऊन देणार आहे थोडंच?" गुरुजी हसले आणि चालू लागले.

मळ्याची वाट पुंजाजीच्या रोजच्या पायाखालची; पण त्या दिवशी ती सरता सरेना. दोन्हीकडे तूर उभी होती. रूपला मागून चालताना हळूच म्हणाला, "पुंजाजी, वांग्यातली अळी दाखवतं गड्या तू. आज काय झालं?"

पुंजाजीला ते काट्यासारखं रुतलं.

तुळसा कांद्याच्या वाफ्यात बसून खुरपत होती. माणसं दिसताच तिने पदर डोक्यावर ओढला, हात धुतले आणि खोपटाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, हा मळा कोणाचा?" गुरुजींनी सुरुवात केली.

तुळसा विहिरीकडे बघू लागली.

"मालकाचं नाव सांगा. ज्यांच्याकडे काम करता ते."

तिने पदराचं टोक दातात धरलं. आता तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. "ते काय, उभे हायेत नं," ती म्हणाली. "त्यायलेच इचारा."

"त्यांचं नाव मला माहीत आहे. तुम्ही सांगा म्हणजे लिहिता येईल."

"मी कसं सांगू बाप्पा?" असं म्हणून ती चक्क लाजली. केस पांढरे झालेली ती बाई नव्या नवरीसारखी लाजली.

गुरुजींच्या हातातली पेन्सिल थांबली. मालकाचं नाव घ्यायला कोणती कामकरीण लाजते? त्यांची स्वतःची आईही जन्मभर वडिलांचं नाव न घेताच गेली होती. ते सावकाश वळले. "पुंजाजी, तुम्ही तर म्हणालात कामाची बाई आहे. हिला कोणी नाही म्हणालात."

तुळसाने ते ऐकलं. पदराचं टोक दातांतून सुटलं. मग ती म्हणाली, "बरोबर हाये गुरुजी. काम त करतोच मी."

ती रडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर पुंजाजीला सोसलं असतं. एवढ्या वर्षांत त्याने तिला घरातून काढलं, ताटातून काढलं, आज माणसांतूनही काढलं. आणि ती अजून त्याचं नाव जपून होती.

"खोटं बोललो म्या गुरुजी," तो म्हणाला. "हे माही लग्नाची बायको हाये. माह्याच घरात लिवा. चूल एकच लिवा."

"एकच आहे का?"

"लिवा तुमी. आजच घरी नेतो तिले."

"काहून एक?" तुळसा मधेच बोलली. तिने दाराची तट्टी बाजूला सारली. आत चुलीत राखेखाली निखारा होता आणि तव्यावर अर्धी भाकर. "हे पाहा गुरुजी. म्या घातली, मीच सारवतो, मीच पेटवतो. आज एक खोटं झालं नं, आता दुसरं नका लिवू."

"तुळसा, चाल नं वो घरी," पुंजाजी म्हणाला.

"हे कोनाचं घर हाये मग?" तिने शांतपणे विचारलं.

गुरुजींनी नवी ओळ काढली. घरातली मुख्य व्यक्ती कोण, याला ती "मीच, तुळसाबाई" म्हणाली. विधवा का, यावर मात्र तिचा आवाज चढला. "विधवा कायले? जिते हायेत नं समोर. औक्ष लागो त्यायले."

नंबर टाकायची वेळ आली तेव्हा तुराट्यांच्या तट्टीवर गेरू बसेना. तुळसा आत गेली आणि जुनी काटवट घेऊन आली. पुंजाजीने गाडीत घालून आणलेली तीच, आता मधोमध तडकलेली. "यावर टाक रूपला. म्या नवी घेतली केव्हाचीच." रूपलाने काटवटीच्या पाठीवर आकडे रेखले आणि ती तट्टीला टांगली.

घरी चंदाबाई उंबऱ्यातच उभी होती. "काय लिवलं?"

"खरं होतं ते लिवलं."

"आता ती वाटा मागन!"

"मागतला असता त बरं झालं असतं," पुंजाजी म्हणाला आणि घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडला. त्या दिवशी त्याला बैलांची भूक आठवली नाही.

तुळसाने वाटा मागितला नाही, घरीही आली नाही. पुंजाजी रोज मळ्यात जातच राहिला. पण त्या दिवसापासून तो नाडा घ्यायला खोपटात थेट कधी शिरला नाही. तट्टीच्या अलीकडे, त्या काटवटीसमोर, वाहणा काढून उभा राहायचा आणि परक्याच्या दारात खाकरावं तसा खाकरायचा.

आतून आवाज यायचा, "या."

मगच तो वाकून आत जायचा.