मान वळेना म्हणून लागलेली जोड

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा. डोकं मातीत टेकवून, पाठीची कमान करून तालमीत मानेची मेहनत चालली होती. "आजून दम हाय ह्याच्यात," म्हणत वस्तादांनी एका दांडग्या गड्याला माझ्या छातीवर बसवलं. मानेत कट्ट वाजलं.

त्या दिवसापासून मान वळायची बंद झाली. दुपार कलली की मानेतून कळ निघायची आणि कपाळात घण बसायचे. विटेचा शेक झाला, निर्गुडीचा पाला झाला. सांगलीच्या डॉक्टरांनी तर बजावलं, "पुन्हा कुस्ती खेळलास तर हातपाय लुळे पडतील." वस्ताद मात्र गावभर सांगायचे, "वाकडातिकडा झोपला आसंल. मेहनत नको, म्हून सोंग!" ते मला मानेपेक्षा जास्त लागायचं.

दोन वर्षांनी आष्ट्याजवळच्या एका जत्रेत कुस्त्या बघायला गेलो. आमच्याकडे पैलवानाचा हात धरून त्याला मैदानभर फिरवतात. गर्दीतून जो उठेल, त्याची त्याच्याशी जोड लागते. उगीच उठायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पैलवान नेमका माझ्या पाठीमागून निघाला, हलगी कडाडली आणि त्याला बघितल्याशिवाय मला राहवेना. मान वळत नसल्यानं अख्खं अंगच वळवायची सवय लागलेली. उठलो आणि वळलो.

"जोड लागली!" पंच ओरडले. शिट्ट्या काय, आरोळ्या काय! कुणी सदरा ओढून काढला, कुणी ढकलत मातीत नेलं. नको म्हणावं तर भित्रा ठरणार, लढावं तर जन्माचा लुळा होणार. पण खरं सांगतो, मला काही सुचतच नव्हतं. दोन वर्षांनी पायाला माती लागली होती! अंगावर काटा आला. मी शड्डू ठोकला. डोक्यात घण पडत होते आणि मी वेड्यासारखा हसत होतो.

समोरच्यानं हात पुढं केला, तोच जत्रेला आलेले आमचे वस्ताद गर्दीतून धोतर सावरत धावत आले. आता चारचौघांत माझं नाक कापणार, असं वाटलं. त्यांनी हलगी थांबवायला लावली.

"सोडा ह्याला," ते ओरडून म्हणाले. "पोरगं भ्यालेलं न्हाई. ह्याची मान म्या मोडलीया. माझ्याच तालमीत."

मी पाया पडायला वाकलो तशी कळ थेट कपाळात गेली. वस्तादांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि इतकं हळू वर उचललं, की मी भर मैदानात हुंदके देऊन रडलो.