जिनिंगच्या खांबावरून बोलणारी पोरगी

भीमसिंग राठोडाच्या घराण्याला राखणीचं काम नवं नव्हतं. त्याचा पणजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचा. मुक्काम पडला की गोण्यांची गोल रास लागायची; आत बायापोरं, बाहेर कुत्री आणि राशीवर एक जागा माणूस. तो जागा माणूस म्हणजे आपला पणजा, असं भीमसिंगच्या याडीनं, म्हणजे आईनं, त्याला सांगितलं होतं. पुढं बैल गेले, फिरणं संपलं, तांडा पांढरकवड्याजवळच्या माळावर कायमचा वसला आणि कापूस-तूर पिकवू लागला. कापसाचे व्यापारी वामनराव यांनी हायवेच्या कडेला सरकी काढून रुईच्या गाठी बांधायची जिनिंग टाकली, तेव्हा चौकीदार म्हणून त्यांनी या तांड्यातलाच माणूस शोधला. तेव्हापासून भीमसिंग त्या फाटकावर होता.

फाटकावरच त्याचे केस पांढरे झाले. कापसाच्या गाड्यांची रांग लागली की कोणती गाडी कोण्या गावच्या शेतकऱ्याची हे तो लांबून ओळखायचा. सरकीच्या शेडपासून रुईच्या गाठींपर्यंत सगळं आवार त्याच्या पायाखालचं होतं. पण मागची भिंत लांब, तिच्या पलीकडं पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं शेत, आणि त्यापुढं जंगल. माणूस एक आणि बाजू चार. दोन हंगामांपूर्वी त्याच भिंतीवरून चोर आले. ते मोटारींची तांब्याची केबल कापत असताना भीमसिंग त्यांना आडवा गेला आणि त्यांनी लोखंडी सब्बलीनं त्याचा डावा हात मोडला. हात जुळला, पण मूठ पुन्हा नीट मिटली नाही.

कॅमेरे तेव्हाही होते. चोरी झाल्यावर वामनराव आणि पोलीस ऑफिसात बसून त्याचं चित्र पाहत होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, भीमसिंगला मारलं, केबल घेऊन गेली. सगळं स्वच्छ दिसलं आणि कोणाच्याच कामाला आलं नाही.

"भीमसिंगभाऊ, हे म्हणजे मढं उठल्यावर डॉक्टर बोलावल्यासारखं झालं," वामनराव म्हणाले. "चोर आत येते तवाच पाहणारं कोणी पाह्यजे."

त्या दिवाळीनंतर यवतमाळच्या एका राखणीच्या कंपनीची माणसं आली. जुने कॅमेरे काढले, नवे लावले आणि आवाराच्या चारी बाजूंना खांबांवर, शेडवर आणि ऑफिसच्या आडोशाला करड्या रंगाचे भोंगे चढवले. यवतमाळच्या एका खोलीत बसून कोणीतरी हे आवार सतत पाहणार, असं त्यांनी सांगितलं. भीमसिंगनं ऐकून घेतलं. त्याच्या मनात एकच गोष्ट आली, की आता आपलं इथलं अन्नपाणी संपलं. घरी गेल्यावर लालीबाईला, आपल्या बायकोला, तो म्हणाला, "मशीन बसवली. म्हाताऱ्याले कायले ठेवतील?"

पण त्याला कोणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा मागच्या भिंतीकडं फेरी मारायला गेला. एका ठिकाणी पावसानं भिंतीचा माथा ढासळला होता. विटा किती सैल झाल्यात हे पाहायला तो दगडावर चढला, तेवढ्यात डोक्यावरून बाईमाणसाचा आवाज आला.

"काका, सांभाळून. तो दगड हलून राह्यला."

भीमसिंग खाली उतरला. मागं पाहिलं, पुढं पाहिलं. पऱ्हाटीत वाऱ्याशिवाय कोणी नव्हतं.

"खांबावर पाहा, काका. मी पुष्पा बोलून राह्यली, यवतमाळहून. तुमचं नाव भीमसिंग राठोड ना? मालकानं सांगितलं."

तो खांबाकडं पाहतच राहिला. यवतमाळला जायचं म्हणजे एसटीत बसून अर्धी सकाळ जाते, मध्ये घाट, मध्ये जंगल. आणि तिथं बसलेल्या पोरीला त्याच्या पायाखालचा दगड हलताना दिसला होता. बोललो तर तिला ऐकू जाईल का, याचीही त्याला खात्री नव्हती. तरी तो हळूच म्हणाला, "तुले मी दिसतो?"

"दिसता. आवाजबी येते."

"नाव काय म्हणे? पुरं सांग."

"पुष्पा जाधव. आर्णीजवळच्या तांड्याची."

म्हणजे पोरगी भीमसिंगच्याच बंजारा समाजातली. तो आपल्या गोरबोलीत म्हणाला, "तारो बापेर नाम काई छ, बेटी?" आणि खांबावरच्या भोंग्यातून त्याच बोलीत उत्तर आलं. रामसिंग जाधवाची पोरगी. भीमसिंगच्या मावसबहिणीचं सासर तोच तांडा. घरी गेल्यावर हे त्याला लालीबाईला नीट सांगता येईना. "आपल्या बोलीत बोलली," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

तरी सुरुवातीचे दिवस अवघड गेले. कोणी सतत पाहतंय म्हटल्यावर माणूस कसा बसतो, कसा उठतो, हेच त्याला सुचेना. तंबाखू मळायलाही लाज वाटे. शेवटी एक दिवस त्यानं विचारलंच. पुष्पा हसली. "केबिनच्या मागं कॅमेरा नाही, काका. माणसाले एक कोपरा पाह्यजेच. आन् मी तुमच्यावर नाही, भिंतीवर ध्यान ठेवून हाय."

हळूहळू त्याला त्या नजरेची रीत कळत गेली. कुत्रं आलं, रानडुक्कर आलं तर भोंगा गप्प राहायचा. माणूस किंवा गाडी अवेळी भिंतीपाशी थांबली, की यवतमाळला पुष्पासमोरचा पडदा लाल व्हायचा. मग ती आधी निरखून पाहायची. शेतात निघालेला शेतकरी असेल तर काहीच बोलायची नाही. एकदा ढासळलेल्या जागेसमोर सारखी एकच मोटारसायकल फिरते, हे तिनं वामनरावांना कळवलं आणि भिंत बांधून घ्यायला लावली. शेडमागचा दिवा गेला तरी तिचा फोन यायचा. चोर येण्याआधी चोराची वाट बंद करायची, हे तिचं काम होतं, आणि ते काम अर्ध्याहून जास्त बिनआवाजाचं होतं.

मग धूलिवंदन आलं. जिनिंग बंद, मजूर आपापल्या गावी, वामनराव नागपूरला मुलीकडं. तांड्यात पहाटे होळी पेटली, लेंगीची गाणी झाली, बायाबापड्या नाचल्या. भीमसिंगनंही चार ठेके धरले आणि ऊन चढायच्या सुमारास तो कपाळावर गुलाल घेऊनच ड्युटीवर आला. चौकीदार सणासाठी तांड्यावर असणार आणि आवार मोकळं असणार, असा कोणाचा तरी हिशेब होता. तो हिशेब त्याच्या येण्यानं चुकला, पण ज्यांनी तो केला त्यांना हे ठाऊक नव्हतं.

दुपारी तो केबिनमध्ये पाणी पीत होता, तेव्हा मागच्या बाजूचा भोंगा बोलला. आवाज पुष्पाचाच, पण भीमसिंगनं तो असा कधी ऐकला नव्हता. धीमा, सपाट, प्रत्येक शब्द वेगळा.

"भिंतीवर चढलेले चौघं, तुम्ही कॅमेऱ्यासमोर आहात. पिवळी बनियन, लाल टोपी, बाकीचे दोघं, सगळे दिसून राह्यले. तुमची पांढरी पिकअप दिसून राह्यली. पोलिसांना फोन गेला आहे. आल्या वाटेनं परत जा."

भीमसिंगनं काठी उचलली. दोन पावलं टाकली तोच फाटकावरचा भोंगा त्याच्याशी बोलला, यावेळी गोरबोलीत. काका, जाऊ नका. केबिनमध्ये बसा आणि कडी लावा. मी आहे.

आयुष्यभर त्याला एकच शिकवण होती, की चोर आला की आडवं जायचं. त्याचा हात त्या शिकवणीनंच मोडला होता. काठी धरून तो उंबऱ्यात उभा राहिला. मग आत गेला आणि कडी लावली. हे त्याला फार जड गेलं.

खिडकीच्या फटीतून त्यानं जे पाहिलं, ते तो पुढं तांड्यात सांगायचा तेव्हा त्याचा आवाज खाली यायचा. रंगानं माखलेली चार धिप्पाड माणसं आवारात उभी होती. त्या दिवशी कोणालाच फडकं बांधायची गरज नव्हती. निळ्या-हिरव्या रंगात बापानं पोराला ओळखलं नसतं. हातात कटर, दोरखंड. आणि समोर कोणीच नव्हतं. नुसतं ऊन आणि एक आवाज. ते शेडकडं वळले की शेडवरचा भोंगा बोले, "शेडकडं नको." ऑफिसच्या आडोशाला गेले की तिथला भोंगा म्हणे, "तिथंही दिसता." ज्याच्याशी भांडावं असं माणूस नाही, ज्याला मारावं असं अंग नाही. एकानं खांबाकडं दगड भिरकावला. आवाज तसाच राहिला. मग त्यांच्यातला एक पळाला, त्याच्यामागं उरलेले. पिकअप धुरळा उडवत निघून गेली.

आवार शांत झालं. भीमसिंगला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळानं पुष्पा पुन्हा बोलली.

"काका, तिघं गेले. चौथा भिंतीवरून पडला. पाय वाकडा झाला त्याचा, उठता येत नाही. हातात काही नाही, मी नीट पाह्यलं. त्याले पाणी नेता का? ॲम्ब्युलन्सले फोन केला मी."

"चोराले पाणी?"

"मले इथून माणूसच दिसून राह्यला, काका. कण्हून राह्यला."

भीमसिंगनं तांब्या भरला. पिवळ्या बनियनवाला भिंतीला टेकून पडला होता. त्यानं भीमसिंगला पाहिलं आणि तोंड फिरवलं. भीमसिंगनं ओंजळीत पाणी घेऊन त्याच्या तोंडावरचा रंग पुसला, आणि हात तिथंच थांबला. तो भारत होता. गेल्या हंगामात याच आवारात गाठी वाहणारा हमाल. दुपारी भीमसिंगच्या डब्यातली भाकर खाल्लेला.

"तू काहून आला, भारत?"

भारतनं तांब्या हातात घेतला. घटाघटा पाणी प्यायला. मग वर खांबाकडं पाहून म्हणाला, "काका, थे बाई कुठी हाय?"

"यवतमाळले."

"मंग माहा पाय मोडला, थे तिले कसं समजलं?"

भीमसिंगनं रिकामा तांब्या घेतला. तो नुसता त्याच्याशेजारी मातीत बसला. गाडी येईपर्यंत मधूनमधून भोंगा हळू आवाजात सांगत होता, पाय हलवू नको, आले जवळ. पोलीस आणि ॲम्ब्युलन्स पाठोपाठच आले. पिकअप मारेगावच्या रस्त्याला अडवली गेली. जिनिंगमधली एक तारही हलली नव्हती.

भारतवर केस झाली. भीमसिंगनं जबानीत पाहिलं तेवढंच सांगितलं. आपण त्याला पाणी पाजलं हेही सांगितलं. भारतचा पाय बरा झाला, पण वामनरावांनी त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि भीमसिंगनंही रदबदली केली नाही. मात्र रस्त्यात दिसला की दोघं बोलतात.

पुढं डोळे दाखवायला यवतमाळला जायचा योग आला, तेव्हा भीमसिंग लालीबाईला घेऊन पुष्पाच्या ऑफिसात गेला. त्याच्या मनात ते ठाणं फार मोठं होतं. पहारा, फाटक, बंदुका. निघाल्या साडीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आत गारवा आणि अंधुक उजेड. चष्मा लावलेली एक लहानखुरी पोरगी उठली आणि वाकून दोघांच्या पाया पडली. ती पुष्पा.

भिंतभर पडदे होते. आर्णीचं कृषी केंद्र, हायवेवरचा पेट्रोलपंप, मारेगावचं धान्याचं गोदाम. आणि एका पडद्यावर त्याचं आवार. कापसाचा पांढरा ढीग, सरकीची शेड, मागची भिंत, तिच्यापलीकडं पऱ्हाटी. इतकी वर्षं त्यानं ते आवार पायांनी मोजलं होतं. सगळं एका नजरेत कधी पाहिलं नव्हतं. ढिगावर एक बगळा बसला होता, तो त्याच्यादेखत उडाला.

"हे आताचं?" त्यानं विचारलं.

"आताचं, या घडीचं."

तो पडद्याजवळ सरकला. लालीबाईनं पुष्पाच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "दिवसभर यात काय पाह्यतं, बेटी?"

"काहीच नाही, याडी. काहीच घडत नाही, थेच पाहायचं. डोळे दुखतात. पण काही घडलं नाही म्हणजे काम झालं."

परतीच्या एसटीत भीमसिंग खिडकीशी बसला होता. घाट आला, सागाची झाडं मागं पळू लागली. कसला विचार चाललाय, असं लालीबाईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आपले लोक एका राशीवर बसून जागत. हे पोरगी जिल्हाभर जागून राह्यली." पांढरकवडा आल्यावर त्यानं लालीबाईला तांड्याच्या ऑटोत बसवून दिलं आणि पायीच जिनिंगकडं निघाला, कारण त्या दिवशी त्याची ड्युटी रात्रीची होती आणि वेळ होत आली होती.