हरलेल्या दिवसाचं पान

वकीलबाईंना कोर्टात सगळे ‘डायरीबाई’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, चेष्टाच जास्त होती. वकिलीच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या डायऱ्या त्यांनी जपल्या होत्या. कोणता साक्षीदार, किती वाजता उभा राहिला, काय बोलला, सगळं त्यात होतं. नवरा म्हणायचा, पलंगाखाली आता झुरळालाही जागा नाही. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत.

बावीस वर्षं त्यांनी व्यापाऱ्यांची भांडणं लढवली. मग एक दिवस एका कारखान्यातले निवृत्त वेल्डरकाका समोर येऊन बसले. पेन्शन फंडाच्या विश्वस्तांनी ठराव करून जुन्या कामगारांचं पेन्शन निम्म्यावर आणलं होतं. आता घरभाडं झेपणार नव्हतं. काका एवढंच म्हणाले, “लेकीकडे मला पाहुणा म्हणून जायचंय, बाई. कायमचं नाही.”

बाईंनी वकीलपत्र घेतलं. कंपनीकडून उभे राहिले ते मोठे वकील, ज्यांच्या हाताखाली बाई शिकल्या होत्या. त्यांनी निरोप धाडला, की तडजोड करा, मिळेल ते पदरात पाडून घ्या, उगाच भिंतीवर डोकं आपटू नका. बाईंच्या मस्तकात तिडीकच गेली. त्यांनी निरोपाला उत्तरसुद्धा दिलं नाही.

कागदातली प्रत्येक तारीख आपल्या डायरीशी ताडून पाहायची त्यांची जुनी खोड. पेन्शन घटवायचं तर पाचही विश्वस्त सभेला जातीने हजर हवेत, असा फंडाचा नियम होता. तीन वर्षांपूर्वीच्या त्या सभेच्या कागदावर पाचही सह्या होत्या. सभा कारखान्यात, सकाळी अकरा ते दोन. बाईंनी त्या तारखेचं पान उघडलं आणि त्यांचे कान तापले. ‘मालाचा दावा. फायनान्स मॅनेजरची उलटतपासणी, साडेदहा ते पाच. एकही प्रश्न लागला नाही. पुरती नाचक्की.’ याच कारखान्याचा हा मॅनेजर म्हणजे फंडाचा पाचवा विश्वस्त. सभेच्या वेळी तो बाईंच्या समोर पिंजऱ्यात उभा होता.

वकिलाची डायरी म्हणजे पुरावा नव्हे. बाईंनी कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाची सही-शिक्क्याची नक्कल काढली आणि न्यायाधीशांपुढे ठेवली. मॅनेजरचे त्या दिवशीचे वकील म्हणून तिच्यात मोठ्या वकिलांचंच नाव होतं.

मोठ्या वकिलांनी कागद दोनदा वाचला. आपल्याला ही तारीख अजिबात आठवत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

“तुम्ही जिंकला होतात, साहेब, म्हणून विसरलात,” बाई म्हणाल्या. “मी हरले होते.”

ठराव रद्द झाला. पुढच्याच आठवड्यात काका लेकीकडे निघाले. हातात एक पिशवी होती आणि खिशात परतीचं तिकीट.