सुई आधी सासूबाईंना दिसली

किहीमला आमची छोटी खानावळ आहे. दिवसभर पर्यटकांना वाढल्यावर मोबाइलमध्येही घड्याळाशी शर्यत लावून गिऱ्हाइकांना वाढायचं, असले खेळ मला कधीच रुचले नाहीत. मला आवडतो तो चित्रात लपलेल्या वस्तू शोधायचा निवांत खेळ. दुपारची गर्दी ओसरली की मी तो खेळायचे आणि सासूबाई शेजारी बसायच्या, पण मोतीबिंदूमुळे त्यांना नुसते रंग दिसायचे.

ऑपरेशननंतर पट्टी निघाली, त्याच आठवड्यात मी एका चित्रात छत्री शोधत होते.

"ती काय, पडद्यामागं हाय," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कात्री दाखवली, सुईसुद्धा दाखवली. मी हसून मोबाइल त्यांच्याच हातात दिला.

"तू नावं वाच गो, मी शोधते."

आता मी चित्राखालची वस्तूंची इंग्रजी नावं मराठीत सांगते आणि खेळतात त्याच.