पहिला आवाज

"सर, गाणं तुमचं हुईल, पर शब्द माझंच हायेत की!"

बाहेरच्या खोलीतून हे ऐकू आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. पाठोपाठ पप्पांचं मोठ्यानं हसणं आलं. "व्हय गं बाई, तुझंच हायेत!" ते माझ्याशी असं बोलत नाहीत. माझ्याशी ते शाळेतल्यासारखं, नीट मराठी बोलतात.

पप्पा शाळेत मराठी शिकवतात आणि गाणी लिहितात. हळदीची, डोहाळजेवणाची, गौरीची. स्वतः एकही गात नाहीत. एकेक गाणं पाच-सहा जण रेकॉर्ड करतात. कधी रिक्षात त्यांचंच गाणं लागतं, रिक्षावाला सोबत गुणगुणतो, आणि ते कुणी लिहिलं हे त्याला माहीत नसतं. मी सांगत नाही. पप्पांनाही त्याचं काही वाटत नाही. त्यांचा नियम एकच. गाणं ज्याच्या बोलण्यातून निघालं, पहिला आवाज त्याचा. त्यानं गायलं की मग कुणीही गावं.

कारण त्यांची लिहायची रीतच तशी आहे. गाणाऱ्याला समोर बसवायचं आणि म्हणायचं, "बोल." कशाहीबद्दल. पेन्सिल हातात असते, पण तासभर ते काही लिहीत नाहीत. मग एखादा शब्द कानात अडकतो आणि पेन्सिल हलते. मी लहानपणापासून दाराआडून ती पेन्सिल बघत आले आहे.

मला त्यांनी कधी "बोल" म्हटलं नाही. मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं. तिथे मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी माझं मराठी ऐकून पाहुणे हसायचे. हळूहळू मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. आता त्यांची गिचमिड वही मोबाईलवर टाईप करायची आणि ज्याला ते सांगतील त्याला पाठवायची, एवढं माझं काम.

त्या दिवशी पप्पांसमोर बसलेली ती गाणारी कोडोलीची होती. माझ्याच वयाची. चप्पल दारात एक इकडे, एक तिकडे. चहाचा कप माझ्या हातातून घेताना तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, बोलणं चालूच. घरच्या म्हशी, भावाचं लग्न, आणि मग आई. "आमची आय समोर बसून कधी बोललीच न्हाय बगा. काय सांगायचं आसंल त्ये धार काढताना. पाठमोरीच."

पेन्सिल हलली.

चार दिवसांत गाणं झालं. सासरी निघालेल्या मुलीला आईचा चेहरा आठवत नाही, पाठ आठवते. टाईप करताना मी तीनदा थांबले. इतकं चांगलं त्यांनी आजवर काही लिहिलं नव्हतं, आणि ते तिच्यामुळे होतं. तिनं काय केलं होतं? नुसती बडबड. मला वाटलं, माझ्याकडेही अशा गोष्टी आहेत. कुणी विचारल्या नाहीत, इतकंच.

"तिला पाठव," पप्पा म्हणाले आणि शाळेला गेले.

मी कबनूरच्या एका गायकाला पाठवलं. त्याच्या हातात नवीन गाणं पडलं की त्याच संध्याकाळी रेकॉर्ड करतो, हे मला माहीत होतं. खाली लिहिलं, 'नवीन आहे. करा.' तिला दोन दिवसांनी पाठवलं.

रविवारी सकाळी ती आली तेव्हा मोबाईल हातात उंच धरूनच आत शिरली. त्यातून कबनूरच्या गायकाचा आवाज येत होता, मागे कीबोर्ड, ढोलकी.

"सर, ह्ये काय हाय?"

पप्पा पेपर बाजूला ठेवून ऐकत राहिले.

"माझ्या आयचं हाय ह्ये. मी तुमास्नी सांगिटलं हुतं, त्येला न्हवं! पहिला आवाज माझा म्हणला हुता की न्हाय? का सगळ्यास्नी आसंच सांगतासा?"

तिचा आवाज शेवटी चिरकला. पप्पांचा चेहरा उतरला. गाणी लिहायला लागल्यापासून वीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गाणी कुणाच्या मोबाईलवरून जातात ते त्या घरात दोघांनाच माहीत होतं. एक क्षण, मग नजर काढून घेतली.

"चुकून गेलं आसंल गं," ते तिला म्हणाले. "आमची पोरगी पाठवती. नंबर वर-खाली झाला आसंल. माझंच चुकलं, मी बघायला पायजे हुतं."

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच नीट बघत होती. मी खाली बघितलं. तिचा राग जितक्या पटकन आला तितक्याच पटकन गेला.

"चुकून व्हय? मग आसूं दे. चूक कुणाची हुत न्हाय?" तिनं डोळे पुसले आणि हसली. "ओ पावणं, जरा बघून बटणं दाबा की!"

पप्पाही हसले, सुटल्यासारखे. आता फक्त मी हसायचं बाकी होतं. माझ्याच घरात ती मला पाहुणी म्हणत होती, आणि तरी मला माफ करत होती. पप्पा माझ्यासाठी खोटं बोलले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"चुकून नाही," मी म्हणाले. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "मुद्दाम पाठवलं. पहिला आवाज तुला मिळू नये म्हणून."