बोईसरच्या बोर्डावरचे बारा दिवे

मी जन्मापासून आंधळा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे या प्रवासवर्णनात डोंगर कसे निळे दिसत होते याची वाट बघत कोणी बसणार नाही. पुण्याहून बोईसरला जाऊन मी तिसऱ्या दिवशी परत आलो. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन काय करायचं, असं आमच्या घरात विचारून झालेलं आहे. तरी लिहितो. माझं टायपिंग बरं आहे आणि बोईसर अजून डोक्यातून गेलेलं नाही.

ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. पुण्यात मी अंध मुलामुलींना टेलिफोन ऑपरेटरचं काम शिकवत असे. माझी एक विद्यार्थिनी, सुरेखा, बोईसरच्या एका कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर लागली होती. डिसेंबरात, एका बुधवारी तिचं ब्रेलमधलं पत्र आलं. कारखान्याने टेलिफोनचा बोर्ड बदलला होता. जुन्या बोर्डात फोन आला की त्या लाइनची चिमुकली झडप खट्‌कन खाली पडायची आणि बोटाने चाचपली की लाइन सापडायची. नव्या बोर्डात झडपा नव्हत्या, दिवे होते. ‘सर, बझर वाजतो, पण बारा दिव्यांतला कुठला लागला ते कसं कळणार? शनिवारी साहेब परीक्षा घेणार आहेत. जमलं नाही तर घरी जा म्हणाले.’

तिचं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. बोर्ड शिकवणारा मी. जगातले बोर्ड बदलतायत हे मला ठाऊक होतं, पण आपल्या मुलांपर्यंत यायला अजून वेळ आहे असं म्हणून मी गाफील बसलो होतो. एकच आधार होता. आमच्या पेठेतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका सज्जनांकडून मी महिनाभर डोकं खाऊन एक कांडी बनवून घेतली होती. जाड पेनाएवढी, मागे वायर आणि सेलची डबी. टोकाला उजेड लागला की ती ‘पीं’ करून ओरडायची, अंधारात गप्प. घरातल्या बल्बवर आणि देव्हाऱ्यातल्या समईवर मी ती तपासली होती. शुक्रवारी पहाटे ती कांडी बंडीच्या आतल्या खिशात घालून, घडीची पांढरी काठी घेऊन मी निघालो.

मुंबईत गाडी बदलून डहाणूकडे जाणारी पॅसेंजर धरली. वैतरणेचा पूल आवाजावरून कळतो. चाकांखालची जमीन एकदम पोकळ होते आणि डब्यातली माणसं उगाचच मोठ्याने बोलायला लागतात. पुढची स्टेशनं मी बोटांवर मोजत होतो. शेजारच्या गृहस्थांना बोईसरला उतरायचंय हेही सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात पलीकडच्या एका परोपकारी माणसाने माझा दंड पकडला.

“चला, आलं, उतरा!”

“अहो, मला बोईसर...”

“घाबरू नका, मी आहे ना!”

आणि मी फलाटावर. गाडी सुटली, परोपकारी गृहस्थ ‘सांभाळून जा हं’ म्हणून निघूनही गेले, आणि मग चहावाल्याने सांगितलं की हे पालघर. त्या गृहस्थांना पालघरला उतरायचं होतं, म्हणून त्यांनी मलाही उतरवलं! आंधळ्याला मदत करायची लोकांना एवढी घाई असते, की त्याला जायचंय कुठे हे विचारायला वेळच नसतो. मी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या, चहा घेतला आणि एस.टी. स्टँडचा रस्ता विचारला.

एस.टी.त माझ्या पायाशी सुक्या बोंबलांची पाटी आणि पाटीमागे तिची मालकीण.

“बाबा, पाय वर घ्या, नायतर बोंबलांचा भुगा होईल.”

“दिसत नाही हो मला.”

“दिसत नाय तर वास तरी येतो ना?”

मला हसू आवरेना. माझ्या अंधत्वाला न घाबरता माझ्याशी बोलणारी माणसं मला फार आवडतात. ती मला बोईसरपर्यंत रस्ता सांगत आली. इथे भाताची खळी, इथे गवताच्या गंज्या, इथे वीटभट्टीवर निघालेली डोंगरातली माणसं, पोरंबाळं आणि कोंबड्या घेऊन. बोईसर आल्याचं मात्र तिला सांगावं लागलं नाही. वाऱ्याला कडवट, घशाला लागणारा वास येऊ लागला. भोवतालची बोली हिंदी झाली आणि कुठल्यातरी कारखान्याचा भोंगा वाजला.

मी येतोय अशी तार केली होती; गाडीतून उतरलो नाही म्हणून सुरेखा आणि तिची आई स्टेशनवरून स्टँडवर येऊन दोन तास उभ्या होत्या. सुरेखा नऊ वर्षांची असताना तापात तिची दृष्टी गेली. आता ती बावीसची. घर केळव्याजवळच्या माहीमला, थोडी वाडी, फुलझाडं. नोकरीसाठी मायलेकींनी बोईसरलगत सालवडला कामगारांच्या चाळीत खोली घेतली होती.

“सर, तुमी आलात, आता काय काळजी नाय,” आई म्हणाली. मला त्या वाक्याची फार भीती वाटली.

जेवायला उकडहंडी होती (कोनफळ, रताळी, कच्ची केळी, वालाच्या शेंगा मडक्यात घालून वाफेवर शिजवतात). वरून ओलं खोबरं आणि लसणाची पात. मी तीनदा वाढून घेतलं आणि चौथ्यांदा नको म्हणताना जिवावर आलं. जेवताना आई बोलत होती.

“नोकरी नाय ऱ्हायली तर माहीमला जाऊ. भाऊ हाय तिचा. बसंल घरात, फुलं ओवील. हाताला चलाख हाय पोर.”

“मला फुलं ओवता येतात, सर,” सुरेखा म्हणाली, “पण जन्मभर नाही ओवायची.”

एवढं बोलून तिने ताट उचललं. मी तिला ऑपरेटर केलं नसतं, तर कदाचित ती फुलं ओवत सुखात राहिली असती, असं त्या क्षणी वाटून गेलं. खोटं कशाला बोलू?

शनिवारी सकाळी आठला कारखान्यात. दारावरचा वॉचमन म्हणाला, “मैडम, आज गुरुजी को भी लाए?” आणि त्याने आईला झाडाखाली आपलं स्टूल दिलं. बोर्ड पुढच्या ऑफिसात होता. मी आधी बोटांनी बोर्डाची ओळख करून घेतली. एका ओळीत सहा दिवे, खाली सहा, प्रत्येकाखाली पीन घालायचं भोक. दिव्यावरची काच मुगाच्या दाण्याएवढी. मग सुरेखाच्या हातात कांडी दिली. बझर वाजला, तिने कांडी दिव्यांवरून फिरवली आणि आठव्यावर ‘पीं!’

“सर!” ती एवढ्या जोरात ओरडली की टायपिस्टचं मशीन थांबलं.

दुपारपर्यंत तिने किती फोन जोडले, मी मोजले नाहीत. चूक एकही नाही. बोटं इतकी वेगाने फिरू लागली की मला हेवा वाटला. साहेब मुंबईला गेले होते, चारला येणार होते. डबा खाताना मी तिला जुने धडे पुन्हा घोकवले. आवाज सरळ ठेवायचा. आधी कारखान्याचं नाव. बोर्डावर खासगी बोलायचं नाही, मग पलीकडे प्रत्यक्ष बाप असला तरी.

चार वाजता साहेब आले. स्वर कोरडा, पण माणूस वाईट नसावा. पुढच्या खोल्यांतून फोन करायला त्यांनी माणसं बसवली आणि स्वतः आमच्या मागे उभे राहिले. बझर वाजला. सुरेखाने कांडी पहिल्या दिव्याला लावली. ‘पीं!’ तिने पीन घातली.

“हा नाही,” साहेब म्हणाले.

दुसऱ्यालाही पीं. तिसऱ्यालाही पीं. वरची सगळी ओळ ओरडत होती. बझर वाजतोय, कांडी किंचाळतेय, सुरेखाचा श्वास मला ऐकू येतोय. “सर, सगळ्या लायनी एकदम लागल्यात,” ती कुजबुजली. मी कांडी हातात घेतली, हलवली, सेल काढून पुन्हा घातले. पुन्हा पीं. रेडिओवाल्याच्या सात पिढ्यांचा मी मनात उद्धार केला.

“मास्तर, तुमचं यंत्र बिघडलंय,” साहेब म्हणाले. “मला या मुलीबद्दल वाईट वाटतं, पण इथे फोन चुकले की माल चुकतो.”

मला रडू फुटेल असं वाटलं. पन्नाशीचा माणूस मी, चारचौघांत रडायची वेळ. काहीतरी धरायला हवं म्हणून बोर्डावर हात टेकला, तर बोर्डाची पुढची पत्र्याची बाजू गरम लागली. सकाळी गार होती.

“साहेब, आत काहीतरी जळतंय! हात लावून बघा, बोर्ड तापलाय!”

“जळत नाही हो. ऊन आहे ते.”

“ऊन?”

“खिडकीतून येतं. रोज येतं या वेळेला, थेट बोर्डावर.”

ऑफिसात बसलेल्या चार जणांना ऊन दिसत होतं. कांडीला उजेड कळतो हेही मी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं. पण ऊन त्यांच्या इतकं सवयीचं होतं, की ते त्यांच्या लेखी नव्हतंच. आणि आम्ही दोघं! माझ्या सबंध आयुष्यात उजेडाने माझं कधी काही बिघडवलं नव्हतं. बोर्डाची एकेक पीन मी चाचपली, पण खिडकी कुठल्या दिशेला आहे हे विचारायचं मला सुचलं नाही. मास्तर म्हणे!

“पडदा आहे का?” मी विचारलं. नव्हता. साहेबांना तोवर आतून बोलावणं आलं होतं, त्यांचे बूट दाराकडे निघाले होते.

एवढ्यात शेजारी जाड कागद फाटल्याचा आवाज आला. ब्रेलच्या कागदाचा आवाज मी झोपेतही ओळखीन.

“काय फाडलंस?”

“कुठली लाइन कोणाची, ती यादी. मला पाठ आहे, सर.”

तिने त्या कागदाची नळी केली, कांडीच्या टोकावर चढवली आणि वेणीची रिबन सोडून घट्ट बांधली. नळीचं तोंड दिव्याच्या काचेवर दाबून धरलं. गप्प. दुसरा, गप्प. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे गप्प. दहाव्याला ‘पीं’.

“साहेब,” ती मागे न वळता म्हणाली, “दहावी लाइन. जोडू?”

बूट थांबले. “जोडा.”

मग त्यांनी एकामागून एक फोन करायला लावले, दोन-दोन एकदम करायला लावले. तिचा आवाज हळूहळू सरळ झाला. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक आहे. सोमवारी कळवतो.” एवढंच. कौतुक नाही, नकार नाही. मला त्यांचा थोडा रागच आला.

सगळे गेल्यावर सुरेखाने नळी काढली आणि कांडी खिडकीकडे धरली. ती ओरडत राहिली, मग हळूहळू आवाज बारीक होत गेला. कांडी उजेडाप्रमाणे आवाज कमी-जास्त करते हे मला तोवर माहीत नव्हतं. समई काही हळूहळू विझत नाही.

“मावळतोय, सर,” ती म्हणाली. “माहीमला समुद्रावर बघायचे मी लहानपणी.”

मी कधी काही बघितलेलंच नाही, आणि तरी आवाज पुरता विझेपर्यंत तिथून हलावंसं वाटलं नाही. दाराशी आई आली होती. “काय झाला?” तिने दोनदा विचारलं. सोमवारी कळेल असं सांगितल्यावर ती म्हणाली, “बरा. तोपर्यंत तरी कामावरच हाय ना पोर.”

रविवारी सकाळी मी परत निघालो. कांडी अर्थातच तिथेच ठेवली. आईने केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी दिली (उन्हात वाळवलेली केळी, वसईकडच्या बहिणीने पाठवलेली). उन्हावर माझा राग होता, पण दोन सुकेळी खाल्ल्यावर उरला नाही. पालघरला कोणीतरी माझ्या दंडाला हात घातला, तेव्हा मी दांडी घट्ट धरून एवढ्या जोरात “मुंबई!” म्हणून ओरडलो की सारा डबा हसला. मग वैतरणेच्या पुलावर एकटाच विचार करत बसलो. डोळस लोकांना सगळं दिसतं म्हणून ते सांगायचं विसरतात. आम्हाला दिसत नाही म्हणून आम्ही विचारायचं विसरतो, किंवा विचारायला लाजतो. त्या दिवसापासून माझ्या वर्गात पहिला धडा बोर्डाचा नसतो. खोलीत शिरलं की खिडकी कुठे आहे ते विचारायचं, हा असतो.

सोमवार गेला, मंगळवार गेला, पत्र नाही. बुधवारी मला राहवेना. मी कारखान्याला ट्रंक कॉल लावला. तीन तास फोनच्या उशाशी बसलो, जेवण तिथेच मागवलं. शेवटी लाइन लागली. पलीकडून कारखान्याचं नाव आलं, अगदी सरळ आवाजात, आणि मग, “नमस्कार. कोणाशी बोलायचंय?”

“सुरेखा! अगं, मी बोलतोय. काय ठरलं?”

पाठीमागे बझर वाजला आणि लगेच, अगदी बारीक, ‘पीं’.

“सर,” ती म्हणाली, “बोर्डावर खासगी बोलायचं नसतं. दुसरी लाइन आलीय.”

आणि तिने फोन तोडला. माझा इतका गोड अपमान आजवर दुसऱ्या कोणी केलेला नाही.