गेटवाल्यानं मागितलेली प्रार्थना

लेस्टरला मी आलो तो बायकोच्या सामानाबरोबर. ती नर्स. हॉस्पिटलनं तिला नगरहून बोलावून घेतलं आणि मी आपला दोन बॅगा आणि लोणच्याच्या बरणीसोबत मागून आलो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथी माझ्यावर नाराजच होती. त्यामुळे बायको वॉर्डात आणि मी त्याच हॉस्पिटलच्या कार पार्कात, बॅरियरपाशी. बटण दाबलं की दांडा वर, सोडलं की खाली. बायकोनं गावी पत्र लिहिलं की नवरा सिक्युरिटीत आहे. माझे वडील वर्षभर सगळ्यांना सांगत होते की पोरगा पोलिसात लागला.

आमच्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये दर बुधवारी संध्याकाळी पॅलेस्टाईनसाठी प्रार्थना असायची. पाळकबाईंनी सुरू केलेली. सात-आठ डोकी, एक मेणबत्ती, नंतर चहा-बिस्किटं. पहिल्यांदा मी बिस्किटांसाठीच गेलो, खोटं कशाला बोलू.

तिथे एक मावशी यायच्या. बेथलेहेमजवळच्या गावातल्या, आमच्यासारख्याच ख्रिस्ती. लेकीकडे राहायला आलेल्या. मी पहिल्याच दिवशी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "म्हणजे बेथलेहेम खरंच आहे?" मला आपलं वाटायचं की ते नाताळच्या गाण्यापुरतंच आहे. मावशी म्हणाल्या, "आहे. आमच्याकडे भाजीवालाही येतो." त्यानंतर मी त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

मावशींचा भाऊ गावी होता. त्याची ऑलिव्हची झाडं, आजोबांनी लावलेली. मध्ये सैन्यानं भिंत घातली आणि घर एका बाजूला, झाडं दुसऱ्या बाजूला. भिंतीत एक लोखंडी गेट. सैनिक येऊन उघडतील तेव्हाच आत जायचं, तेही परवान्याचा कागद असेल तर. आता ऑक्टोबर लागला होता, फळं तयार होती आणि गेट काही उघडत नव्हतं. भाऊ रोज सकाळी जाऊन उभा राहायचा, दुपारी परत यायचा. मावशी रोज फोन करायच्या. यंदा फळं हातात येतात की जमिनीवर पडतात, एवढंच त्यांच्या डोक्यात.

त्या बुधवारी पाळकबाई म्हणाल्या, "आज तुम्ही मागा ना, तुमच्या भाषेत." मला आनंदच झाला. इंग्रजीत मला देवाशी 'सॉरी' आणि 'थँक्यू' एवढंच बोलता येतं. आणि आमच्या नगरकडे प्रार्थना म्हणजे गुळगुळीत बोलून संपवायची गोष्ट नाही. देवाला सगळं नीट समजावून सांगायचं असतं. कुणाला काय लागतंय, का लागतंय, कधी लागतंय.

मी डोळे मिटले आणि सुरू झालो. "बापा, त्या गेटवरच्या पोराला वेळेवर उठव. त्याची किल्ली हरवू देऊ नको. गेटावरची ड्यूटी लई वाईट, मला माहीत आहे. त्याला सकाळी गरम चहा मिळू दे, म्हणजे तो कुणावर खेकसणार नाही. त्याचा साहेब त्या वेळी दुसरीकडे असू दे. मावशींच्या भावाला शिडी घेऊन आत जाऊ दे." बराच वेळ चाललं. मेणबत्ती अर्ध्यावर आली. शेवटी प्रभू येशूच्या नावानं आमेन म्हटलं तेव्हा सगळ्यांनी इतक्या जोरात आमेन म्हटलं, की मला वाटलं मी फार चांगलं बोललो. नंतर कळलं, सुटल्याचा आनंद होता.

चहाच्या वेळी मावशींनी विचारलं, "काय मागितलंस?"

मी म्हटलं, "पीस." म्हणजे शांती.

बायको शेजारीच होती. "अहो, चर्चमध्ये उभं राहून खोटं बोलताय?" असं म्हणून तिनं मावशींना सगळं इंग्रजीत सांगितलं. किल्ली, चहा, साहेब, काही सोडलं नाही. मी बिस्किटाकडे बघत राहिलो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. कप खाली ठेवून म्हणाल्या, "तू रोज दांडा वर करतोस. ती जागा हॉस्पिटलची आहे, लोक गाड्या घेऊन येतात. माझा भाऊ कुणाच्या जागेत चाललाय? झाडं आमच्या आजोबांची. त्या पोराला चहा मिळाला काय, नाही मिळाला काय. गेट तिथेच राहतं ना?"

मला आयुष्यात गेट म्हटलं की ते कोण उघडणार एवढंच सुचतं. ते तिथे कशाला आहे, असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्या कुणी स्वर्गात नेलं तर तिथेही मी दारावरच्याला शिफ्ट कधी संपते ते विचारेन.

पुढच्या बुधवारी पाळकबाईंनी परत मलाच सांगितलं, जरा भीत भीत. मी म्हटलं, "बापा, ते गेट नको. भिंत नको. ज्याची झाडं त्याला जाऊ दे, कुणाला न विचारता. आमेन." एवढंच. बायकोनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, मला बरं नाही की काय म्हणून, आणि नंतर मावशींना तेही इंग्रजीत सांगितलं.

महिना संपता संपता गेट उघडलं. थोडेच दिवस. भावाला पुढच्या ओळीतल्या झाडांची फळं मिळाली, मागची फळं तोवर खाली पडून गेली होती. शिडी आत नेऊ दिली नाही, म्हणून वरच्या फांद्याही तशाच राहिल्या. मावशींनी हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही. बिस्किटांची प्लेट माझ्यापुढे सरकवली, बस.

मी विचारलं, "मावशी, आता काय मागू?"

"तेच. गेट नको."

मी मान हलवली. त्या कोट घालून दारापर्यंत गेल्या आणि परत वळल्या. "आणि ते जाईपर्यंत शिडीचं सोडू नकोस."

तेव्हापासून मी दर बुधवारी दोन्ही मागू लागलो. आधी गेट, मग शिडी. त्या पोराच्या चहाचं मात्र मनातल्या मनात, बायकोला ऐकू जाणार नाही असं.